घडणावळ

हेतवी पहिल्यांदा आली तेव्हा
तिनं रुमालातून काढली कुकरची शिट्टी.
"काका, ही चांदीत हवी. कानात घालायची."
मी म्हटलं, जोडीची कुठाय?
म्हणाली, एकच. दुसऱ्या कानात वॉशर.

घडियाळी पोळीतलं माझं साडेसहा फुटी दुकान.
पाटल्या, तोडे, पोहेहार,
लग्नसराईत झोप खाणाऱ्या ठुश्या,
चाळीस वर्षं हेच.
आता बागेसरीशेजारी
शिलाईयंत्राची बॉबिन, तुटक्या चेनचा खटका,
सायकलच्या घंटीची वाटी,
शेवउसळीच्या गाडीवरचा चपटा चमचा.
समोरचा जिग्नेश विचारतो,
पोतदार, भंगार घ्यायला लागलात?

खोटं कशाला बोलू,
शिट्टीला किती अंगं असतात
हे साचा करताना कळलं.
आतलं भोक बघितलंय कधी?
ते तसंच असावं म्हणून
कुणीतरी एखादी दुपारभर डोकं खाजवलं असणार.
त्याला घडणावळ कुणी दिली?

मग तिला हवी झाली सेफ्टी पिन.
वीतभर, साडीवर मिरवायची.
तार ओढली, टोपण ठोकलं,
पण मधला तो एक वेढा
तिथे तीनदा हरलो.
चांदी वळते, हवी तशी वळते,
उलटून उसळत मात्र नाही.
चौथ्यांदा जमली, म्हणजे
जमल्यासारखी दिसली.

प्रदर्शन फतेहगंजात. शालन बरोबर आली,
एसीत पदर लपेटून उभी.
हेतवी पाहुण्यांना काही समजावत असताना
खांद्यावरून सटकली माझी पिन,
निऱ्यांसकट सगळं खाली येऊ लागलं.
कोणी हललं नाही.
शालन गेली. "पाठमोरी हो गं."
गळ्यात हात घातला,
मंगळसूत्रातून एक काढली,
आतल्या बाजूनं लावून टाकली
आणि चांदीची वर नुसती ठेवली, शोभेला.

हेतवी तिच्या गळ्याकडे बघतच राहिली.
काळे मणी, दोन वाट्या,
त्यांच्यामध्ये लोंबणाऱ्या उरलेल्या तीन पिना,
एक किंचित गंजलेली.
"काकी, हे कुणी डिझाइन केलं?"
"कोण करणार? घाईनं."

रात्री सुरसागराशी सिग्नलला थांबलो.
मी तिथवर आलो होतो त्याच विचारात:
त्या वेढ्याला थोडं तांबं जास्त घालावं का.
मागून शालन म्हणाली,
त्या पोरीकडून माझी पिन मागून आणा हं.
चांगली स्टीलची होती.