डाव्या डोळ्याची जागा

कापड आमच्याच मागावरचं,
काठाला डाग पडला म्हणून मालकानं बाजूला टाकलेलं.
त्याला इरय्यानं चिंचोक्याची खळ दिली,
सुताला देतो तीच, जरा दाट.
मग विटकरी जमीन,
मग हळदीच्या अंगाची पोचम्मा,
कपाळभर कुंकू, ओठांबाहेर दोन सुळे,
आणि पदराला, कुणाला न विचारता,
सोलापुरी चादरीची नक्षी.

डोळ्यांच्या जागा कोऱ्या. डोळे शेवटी.
तेव्हा आत कुणी थांबायचं नाही.
साखर पेठेतला तो कारखाना एवढा गप्प
मी कधी ऐकला नव्हता.
आम्ही पायरीवर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होतो.

उजवा झाला.
डाव्याला काजळी पुरेना,
म्हणून कोपऱ्यावर वाटीभर तेल आणायला गेला,
आणि तिथूनच त्याला रिक्षात घालून सिव्हिलला नेलं.

आषाढातला शनिवार. बोनालू उद्यावर.
मडक्यांना चुना-हळद लावून झाली होती
आणि इरय्या येणार नाही हेही कळलं होतं.

पंच म्हणाले, अर्धी देवी चालत नाही.
पाट्या रंगवणारा शफी म्हणाला, मी काढतो, पैसे नकोत.
ब्रश भिजवला, उचलला,
बराच वेळ तसाच धरला,
मग पुसून खिशात ठेवला.
"नाही होत बे."

तेव्हा राजव्वा पुढं आली.
मान तिरकी करून बघितलं.
"फणीत धागा ओवताना
एक डोळा मिटत नाही का आपण?
ओवतीय ती.
ओवू दे की."

कुणी काही बोललं नाही.
राजव्वाचा डावा डोळा धोट्यानं गेला
त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.
मागावरून सुटला, सरळ आला.
मालकानं दोन चादरी दिल्या, गुलाबी.
एक वापरून विरली.
दुसरीची घडी तिनं मोडलेली नाही.

पट उलगडायचं काम आता माझ्याकडं.
पाठीमागून खळ लावते,
कसर लागू नये म्हणून तीत कडुनिंब वाटून.
उन्हात धरला की
सुळे, तलवार, पदर, सगळं गडद,
त्या एका जागी मात्र उजेड आरपार,
उभा-आडवा धागा मोजता येईल इतका.

पोरं विचारतात, अम्मा त्या डोळ्यानं काय बघतीय?
मी म्हणते, राजव्वाला विचारा.
राजव्वा विडीचा दोरा दातानं तोडते
आणि सांगत नाही.