एकेचाळीस नंबर

कुर्डुवाडीजवळ मालगाडी घसरली
म्हणून सोलापुरात चार तास मिळाले.
नायना बावीस वर्षांनी उतरले या फलाटावर,
तेही बाटलीत पाणी भरायला म्हणून.

रिक्षावाला इरण्णा म्हणाला,
घरी कुणी नसंल तर युद्धाचं म्युझियम बघा की,
पंखे हायत, बसाय बाकडी हायत,
तिकीट पाच रुपय.
घरी कुणी नव्हतं.
अशोक चौकातून जाताना नायनांनी मान वळवली.
भोंगा वाजायचा तिथे आता
मंगल कार्यालयाची पाटी होती.

तोफेच्या सावलीत एक कुत्रं,
सावली सरकेल तसं सरकत.
आत भिंतभर काळा दगड.
नावं तालुक्याप्रमाणे : अक्कलकोट, करमाळा, बार्शी.
मी वाचत गेले, ओठ हलतील एवढंच.
काही नावांपुढे वय होतं.
एकोणीस. बावीस. परत एकोणीस.
माझ्या मुलाचं मी मुद्दाम मोजलं नाही.

नायना पुढे गेले होते.
काचेच्या पेटीत चेपलेला जेवणाचा डबा,
पट्टा नसलेलं घड्याळ,
आणि घडी घातलेली चादर.
बाजूच्या चिठ्ठीवर :
नाईक उत्तरेश्वर काशीद, तालुका बार्शी, १९७१.
घरून नेलेली.

चष्मा काढला. घातला. परत काढला.
"मोराला डोळा नाही, बघ."
मला वाटलं कसरीने खाल्ला असेल.
"नाही गं. जेकाटच्या पुठ्ठ्याला
एक भोक पाडायचं राहिलं होतं.
एकेचाळीस नंबर. दस्तगीरचं लूम.
तिसरी पाळी, त्या दिव्यात कुणाला दिसणार?
साठ चादरी आंधळ्या निघाल्या.
जॉबरने त्याचे अकरा रुपये कापले
आणि माल सेकंड म्हणून गेटवर विकला."

मग थांबून, तेलुगूत, काचेलाच :
"स्वस्त मिळाली म्हणून घेतली असेल रे तू."

बोट काचेवरून
काठाचे धागे मोजत निघालं.
तपकिरी डाग सुरू होतो तिथे
मोजणी चुकली.
पुन्हा काठापासून.

रखवालदार, छातीवर दोन जुन्या फिती,
काचेला हात लावू नका म्हणायला उठला
आणि न म्हणताच
खाली बसला.

बाहेर इरण्णाचा हॉर्न.
लाइन मोकळी झाली म्हणे.

निघताना वही पुढे आली : नाव, गाव, अभिप्राय.
नायनांनी वेळ घेतला.
चौथीपर्यंतची मराठी शाळा,
अक्षरं मोठी, रेघ सोडून चाललेली :
दस्तगीर महंमद नदाफ. सोलापूर.
अभिप्रायाच्या रकान्यात
लूम नं. ४१.

रखवालदाराने वही फिरवून वाचली.
आम्हा दोघांकडे पाहिलं.
"हे कुठायत?"

"मागून येतोय," नायना म्हणाले.
"दमा आहे त्याला. हळू चालतो."

साडेपाच वाजून गेले होते.
त्याने दाराची एक फळी लावली,
दुसरी तशीच ठेवली,
आणि स्टूल
उंबऱ्यापाशी ओढून घेतलं.