सात वाजून वीस मिनिटं

दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता
चकोर देशमाने नावाचा सहावीतला मुलगा
बोकड व्हायचा.
कुणीही शिंकलं की झालं,
मास्तर, फौजदार, लग्नातली करवली,
फटाकदिशी धूर, आणि खुर्चीवर शिंगं.
दुसरी शिंक आली की परत मुलगा,
शर्टाची बटणं मात्र चुकलेली,
असं रेल्वे लाइन्सकडची पोरं शाळेत सांगायची.
त्यांच्याकडे लाइट असायची.

आम्ही बघायचो विडी घरकुलात, येमूलांच्या ओट्यावरून,
खिडकीच्या गजांत नाक घालून.
आत बसायचं तर येमूलकाकूंचा दर ठरलेला:
पन्नास विड्यांना दोरा.
नागमणीची बोटं न बघता चालायची,
माझ्या विड्या सुटायच्या, तंबाखू मांडीवर.
रियाज फुकट बसायचा,
त्याचे मामा पत्र्यावर चढून अँटेना फिरवून द्यायचे म्हणून.

दर दोन मिनिटांनी खोक्यातून शंभर माणसं हसायची.
आई सूप घेऊन दाराशी थबकायची:
"एवर्रा नव्वेदी?"
कोण हसतंय रे आत?
आम्हाला कुठं माहीत.
दिसायची तर चौघंच, आणि एक बोकड.

सात वाजून वीस मिनिटांनी
लाइट जायची.

लाइट जायची म्हणजे नुसता अंधार नाही.
अख्ख्या पूर्व भागातले माग
खटखट खटखट ख—
आणि अशी शांतता
की गटाराकाठची डुकरंसुद्धा मान वर करायची.
त्या शांततेत चकोर कुठंतरी
बोकडच राहायचा.
पुढच्या गुरुवारी पुन्हा मुलगा.
कसा झाला, ते आमच्यातल्या कुणीच पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात कारखान्यातून नायना यायचे.
केसांवर कापूस, भुवयांवर कापूस,
दारात एक म्हातारा उभा.
नळाखाली डोकं धरलं की
पस्तिशीचा माणूस.
हे रोज व्हायचं,
आणि कुणीच हसायचं नाही.

मग ते शिंकायचे. एकदाच.
भांडी वाजतील अशी.
नागमणी लगेच कपाळ चाचपायची,
मी तिच्या पायांकडे बघायचो, खूर आलेत का.
एक शिंक वाईट, दुसरीनं ती फिटते,
असं आईसुद्धा म्हणायची, म्हणजे
सगळं बरोबर जुळत होतं.
"नायना, अजून एक! अजून एक!"
मागांनी त्यांचे कान कधीच नेलेले.
त्यांना वाटायचं आम्ही काहीतरी मागतोय.
खिशातून लिमलेटची गोळी काढायचे,
दोघांत एक.
ती दातानं फोडून वाटून घेताना
आपण आत्ता नेमके कोण आहोत
हे आम्ही विसरून जायचो.

माग विकले गेले ते किलोवर.
काट्यापाशी रियाजचे मामाच होते,
त्यांच्या भंगाराच्या दुकानातून आलेले.
नायना आता चादरींच्या शोरूमच्या दारात असतात.
टोपी, शिट्टी, खांद्यावर पितळी फीत,
गाड्या मागं घेताना हात हलवतात.
पहिल्या दिवशी नागमणीची पोरगी
त्यांना बघून आईच्या मागं लपली.

परवा रियाजनं फोनवर एक भाग पाठवला, पूर्ण.
धूर म्हणजे चक्क पावडर.
बोकड खरा, आणि भलताच कंटाळलेला.
वीस मिनिटं झाली. मी उगाच
वर पंख्याकडं बघितलं.
फिरत होता.
फौजदार शिंकला, पावडर उडाली,
चकोर उभा,
आणि शर्टाची बटणं सगळीच्या सगळी
बरोबर लागलेली.
रेल्वे लाइन्सच्या पोरांनी तेवढं
घरचं घातलं होतं.

नायनांना दाखवला, आवाज पूर्ण मोठा करून.
त्यांचं लक्ष पोराकडं नव्हतंच.
"चांगलाय," म्हणाले,
"बारा किलो तरी भरेल."

आतून आई, तेच जुनं:
"एवर्रा नव्वेदी?"

ह्या वेळी खोक्यातले कुणी नव्हते.
नागमणी होती,
तोंडात पदर कोंबून.