बाकी एक

महापेच्या सातव्या मजल्यावर
चारशे अकरा नावं आली माझ्याकडे,
भूखंडाच्या यादीतली.
एका पानावर दहा.
प्लगइननं खाली निळे आकडे लावले :
१ २ ३ … ४१
मधल्या टिंबांत अख्खी घणसोली गडप.

पुढे, पुढे दाबत गेलो.
शेवटचं पान भरगच्च.
पण हौशी धाया मढवी कुठाय?
आमच्या आळीतली, सुकट विकणारी,
ऑफिसच्या पार्किंगकडे बोट करून
‘हतं खाडी व्हती’ सांगणारी.

दहानं भागलं :
एक्केचाळीस, बाकी एक.
प्लगइननं बाकी टाकून दिली होती.
खिडकीवरही तिला हेच ऐकवतात,
मावशे, तुझं बाकी आहे.

एक ओळ बदलली.
बेचाळिसावं पान उघडलं.
एकच नाव,
आणि खाली सगळं पांढरं,
मिठागरासारखं.