पत्ता

जकार्डच्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्याला
आमच्या घरात पत्ताच म्हणायचे.
एका पत्त्यात एक आडवा धागा.
अठराशे पत्ते ओळीनं गुंफले की चादरीवर मोर,
पिसारा फुलवायचा तर आणखी सहाशे.
नानांनी चाळीस वर्षं भोकं पाडली,
साखर पेठेत, तापलेल्या पत्र्याखाली,
आणि कुठलाही पत्ता उजेडाला धरून
सांगायचे, ही मोराची मान.

मीच म्हणाले, फोटो काढून ठेवू.
चौदा गोण्या होत्या, पाय ठेवायला जागा नव्हती,
उंदरांनी दोन कमळं आणि एक हत्ती खाल्ला होता.
कंपनी केवढी मोठी आहे नाना, ती काय बुडतेय?
नाना म्हणाले, गिरणीचा भोंगाही
कधी बंद पडणार नव्हता.

तरी हो म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले,
कंपनीकडे बघून नाही.
एकतीस पानं होती अटींची, कुणीच वाचली नाहीत.
खाली ‘मान्य आहे’. तिथं त्यांचं बोट मीच धरून टेकवलं.
गोण्या इम्तियाज रद्दीवाल्यानं नेल्या,
अकरा रुपये किलो.

मार्चअखेर खातं बंद.
संशयास्पद हालचाल, एवढंच लिहिलेलं.
नानांची हालचाल!
दवाखाना, मार्कंडेयाचं देऊळ, घर.

मग फोननं विचारलं,
तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा.
नऊ चौकोन. सिग्नल असलेले निवडा.
जन्मभर यंत्रापुढं उभा राहिलेला माणूस
चष्मा पुसून बघत बसला.
सिग्नल कुठल्या देशातले कोण जाणे,
तारेवर आडवे टांगलेले, पिवळेधमक.
‘सात रस्त्याला असले नाहीत,’ म्हणाले
आणि चुकले.
तीनदा चुकले.

त्या रात्री भांडलो आम्ही.
बाहेर बेचाळीस, आत कूलरला पाणी नाही.
मी म्हटलं, तो सूतवाला चिट्याल तरी कुठं धुतल्या तांदळाचा?
गाठोड्यामागं पाव किलो मारायचा.
‘मारायचा,’ नाना म्हणाले,
‘पण मला त्याचं दार माहीत होतं.
एकदा उभा राहिलो तीन तास उन्हात.
त्याच्या बायकोनं आधी पाणी दिलं,
मग त्यानं हिशेब दिला.
यांचं दार सांग.
पत्ता सांग.’

शोधला. सापडला तो नुसता मेल.
मी लिहिलं, अडीच हजार पत्ते आहेत हो तुमच्याकडे,
माझ्या वडलांच्या हातचे.
उत्तर क्षणात आलं:
कृपया या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.

खोटं कशाला बोलू,
तोच फोन अजून माझ्या उशाशी असतो.
आईच्या इन्सुलिनची वेळ तोच सांगतो,
भिवंडीतला भाऊ त्यातच हसतो,
आणि पाच दिवसांनी नळ येतो तेव्हा
रात्री अडीचला गल्लीच्या आधी त्यालाच कळतं.
मी भरवसा ठेवते का?
मी चार्जिंगला लावते.
दोन्हींत फरक काय
ते नानांना मला सांगता आलं नाही.

परवा कूलर हलवला तर
एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा निघाला.
नानांनी तो मांडीवर सरळ केला,
भोकांतली धूळ फुंकली,
दाराशी जाऊन उजेडाला धरला.
मी विचारलं, कशाचा आहे?
बराच वेळ बघितलं त्यांनी.
‘एकावरनं कसं सांगू,’ म्हणाले,
‘मान असेल. नाहीतर नुसता काठ.’

माझा हात सवयीनं फोनकडे गेला.
‘लेदु,’ नाना म्हणाले. ‘आधी बघ.’

बघितलं.
एका भोकातून समोरच्या गच्चीवरची काळी टाकी,
एकातून वाळत घातलेल्या परकराची नाडी.
बाकीची अजून बुजलेली होती.