वाट मोडताना

ग्रेटा क्विनलनच्या ट्रकमध्ये तीन दाताळी, एक करवत, कॉफीचा थर्मास
आणि रंगाचा डबा: ओकच्या सालीचा करडा.
दुकानदाराने सालीचा तुकडा मागून घेतला,
त्याच्याशी जुळवत जुळवत रंग मिसळला.
दिसू नये म्हणून रंग
आजवर कुणी मागितला नव्हता त्याच्याकडे.

ठराव जानेवारीत झाला, शाळेच्या जिममध्ये.
पिवळ्या खुणांची वाट तळ्याला घासून जाते, तेवढाच तुकडा बंद.
बाराशे फूट.
बाराशे फुटांवर तीन तास.
कुणी म्हणालं, आमची वहिवाट आहे, आजोबांपासूनची.
कुणी म्हणालं, बेडकांना मत कधीपासून मिळालं?
ग्रेटा उठली, चष्मा पुसत म्हणाली:
ते तळं ऑगस्टात आटतं.
आटतं म्हणून त्यात मासे नाहीत,
मासे नाहीत म्हणून अंडी वाचतात.
आणि आपल्या बुटांचा गाळ
त्या अंड्यांवर जाऊन बसतो.
एवढंच बोलून ती खाली बसली.
खुर्ची करकरली.

ऑर्व्हिल थिबोडोने विरुद्ध मत दिलं होतं.
आज सगळ्यांच्या आधी हजर.
एकोणीसशे एकोणऐंशीत या खुणा त्यानेच काढल्या,
दोन इंच रुंद, सहा इंच उंच,
आपल्या डोळ्यांच्या रेषेत.
आता त्याला मान वर करावी लागते.
झाडांनी वर नेल्या, तो म्हणतो.
खोडावरची खूण वर सरकत नाही, ऑर्व्हिल, ग्रेटा म्हणते,
झाड शेंड्याकडे वाढतं.
असं होय. म्हणजे मीच.
आणि हात पुढे करतो: ब्रश.

आम्ही फांद्या ओढतो, वाटेत आडव्या टाकतो,
घट्ट झालेली माती दाताळ्याने उकरतो,
नेचे लावतो तिरके तिरके,
कुणी लावलेत असं वाटू नये म्हणून.
वाट पडायला एक उन्हाळा पुरतो.
मोडायला किती, ते ग्रेटा सांगत नाही.

तो झाडामागून झाड झाकत जातो.
हेमलॉकवरचा पट्टा खोडासोबत रुंदावून
मधोमध तडकलाय, त्याला दोन हात द्यावे लागतात.
वळणावरच्या बर्चपाशी दोन पट्टे, एकावर एक.
म्हणजे: वळा.
इथे डोरीन थांबवायची मला, तो म्हणतो.
ऐक म्हणायची, बदकं.
बदकं नव्हती, बेडूक होते.
मी तिला तीस वर्षं सांगितलं नाही.

ओकचा करडा बर्चवर चालत नाही,
पण पांढरा कुणी आणलेला नाही.
तो वरचा पट्टा झाकतो, पांढऱ्या सालीवर करडं ठिगळ,
आणि खालचा तसाच ठेवून पुढे जातो.
एकच पट्टा. म्हणजे: सरळ चला.
सरळ तर पाणी आहे.
ग्रेटाने पाहिलं. मीही पाहिलं.
ती थर्मासचं झाकण घट्ट करत राहिली, आधीच घट्ट असलेलं.

मंगळवारी रात्री पाऊस, थंडी जरा उतरलेली.
विजेरीला लाल कागद गुंडाळून आम्ही दोघं
फांद्यांच्या अलीकडे उभे.
ऑर्व्हिलच्या हातात मोजणीचं यंत्र, अंगठ्याने टकटक.
पानांखालून सॅलमँडर निघतात,
काळे, ओले, पाठीवर पिवळे ठिपके,
बोटभर अंगाचे वीतभर चालणारे,
एवढ्याशा पायांनी नेच्यांमधून, ओंडक्याखालून,
आमच्या जुन्या पावलांना छेदत, तळ्याकडे.
बदकं बोलू लागलीत तिकडे.

चौसष्ट, तो म्हणतो.
मग बराच वेळ टकटक नाही.
माझे मोजे भिजलेत, मी म्हणतो, झालं असेल.
पासष्टावा अर्ध्यावर थांबलाय,
जिथे माती अजून आमच्याच वजनाने घट्ट आहे.
डोकं वर करून तो काहीतरी ठरवतोय.

थांब, ऑर्व्हिल म्हणतो,
वाट पाहू.