पुसायचं नाही

उणे चार. हेस्ताना नदीच्या काठाला
चुन्याचं उंच पिंप, पत्र्याचं, जरा कललेलं.
वरच्या वळणावरचा सेन्सर सांगेल
तेवढाच चुना पाण्यात सोडायचा, असा करार.
सेन्सर तीन दिवस खोटं बोलतोय.

गुडवाइग त्याला पाण्यातून उचलते
गाडीत झोपलेलं पोर उचलावं तशी,
मान सांभाळून.
टोकाला काचेचा फुगा, बोराएवढा,
त्यावर शेवाळाची साय.

"आधी साधं पाणी. मग सौम्य आम्ल,
दहा मिनिटं, घड्याळ लावून.
तरी सुस्त राहिला तर पेप्सिन.
हो, आपल्या पोटातलंच.
नदी काय काय गिळते,
कुणी पचवायला नको?"

मी बाहीनं काच पुसायला गेलो.
तिनं मनगट धरलं.
"पुसायचं नाही. टिपायचं.
घासलंस की काचेवर वीज चढते,
मग तासभर बरळत बसतो.
कागद नुसता टेकव. ओल आपली आपण येते."

कागद टेकवताना समोर भिंतीवर फोटो:
एक माणूस, हातात कमरेएवढा सॅमन,
सालाचा आकडा ओलीनं उडालेला.
कोण, कधी, पुढं काय,
अगदी ओठांशी आलं.
पुसलं नाही.

गुलाबी बाटलीत बुडवला: चार.
धुतला, टिपला. पिवळीत: सात.
आकडा सहा-नव्वदला अडला, लंगडला,
मग बसला एकदाचा.
वहीत तिनं तारीख टिपली, उतार टिपला,
आणि मान वर न करता म्हणाली,
"भाऊ माझा. तो शेवटचा मासा.
त्यानंतर एकोणीस वर्षं
इथं एक अंडं जगलं नाही.
धूर समुद्रापलीकडच्यांचा.
पाऊस आमचा."

राखीव सेन्सर मी डिस्टिल्ड पाण्यात ठेवणार होतो.
इतकं स्वच्छ! याहून बरं काय?
"मारशील त्याला.
निखळ पाणी आतलं मीठ ओढून नेतं.
टोपीत खारं पाणी भर. गच्च लाव."

खाली मोटर दोनदा अडखळली, लागली.
पांढरी धार सुटली,
दहा पावलं दुधासारखी गेली
आणि दगडांत कुठंशी मिसळली.

गुडवाइग कागदाचा उरलेला कोपरा
डोळ्याच्या कडेला टेकवते.
थंडीनं असेल.